वाफ्यावाफ्यानं संगणक

शुक्रवारी रात्री साडेनऊला जतमध्ये ताईच्या घरी पोहोचलो तेव्हा ताटं वाढून झाली होती, पण भाचा पानावर नव्हता. आतल्या खोलीत मांडी घालून तो जुन्या लग्नपत्रिका कापत होता. पत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर पट्टीनं रेघा मारायच्या, तीन-तीन सेंटिमीटरचे चौकोन कापायचे आणि प्रत्येकावर स्केचपेननं काहीतरी काढायचं. कुठं सरळ रेघ, कुठं वळण, कुठं तीन फाटे. त्याची धाकटी बहीण तयार चौकोनांच्या चळती लावत होती. लॅपटॉप कोपऱ्यात मिटलेला होता.

"गेम कॉम्प्युटरवर करायचाय ना? मग कात्री कशाला?" मी विचारलं.

"आधी हातानं खेळून बघायचं, मामा. कागदावर मजा आली नाही तर स्क्रीनवर कुठनं येणार? नऊ वाजता विषय जाहीर झालाय. 'जागा कमी आहे.' आता रविवारी रात्री नऊपर्यंत वेळ."

संपादकांनी या लेखासाठी 'घडवणारे हात' हा विषय दिला तेव्हा मिरजेतल्या सतारमेकरांपासून सांगलीच्या हळद बाजारातल्या हमालांपर्यंत बरेच हात डोळ्यांसमोर आले होते. तेवढ्यात भाच्याचा फोन आला. पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेला हा मुलगा सुट्टीत घरी येऊन दोन दिवसांत एक गेम करणार होता. एकेक फरशी बसवत जायची आणि शेवटी पटावर चालता-बोलता संगणक उभा राहायचा, असा. जतमध्ये बसून, कात्रीनं सुरुवात करून, अठ्ठेचाळीस तासांत! हे जवळून बघायचं ठरवलं आणि सांगलीहून गाडी धरली.

अठ्ठेचाळीस तासांची जत्रा

या प्रकाराला गेम जॅम म्हणतात. शब्द संगीतातला. वादक एकत्र जमतात, आधी काही ठरवलेलं नसतं, बसल्या बैठकीत जे सुचेल ते वाजवतात. तेच गेम करणाऱ्यांनी उचललं. २००२ मध्ये जेफ हाउलंड यांनी 'लुडम डेअर' सुरू केलं. लॅटिन नावाचा अर्थ 'खेळ देणे'. जगभरातले लोक आपापल्या घरी बसतात, ठरलेल्या क्षणी विषय कळतो आणि ठरलेल्या मुदतीत नवा गेम करून सगळ्यांसमोर ठेवायचा असतो. २००९ च्या जानेवारीत पहिला 'ग्लोबल गेम जॅम' झाला. त्यात २३ देशांतल्या ५३ ठिकाणी एकाच शनिवार-रविवारी लोक जमले होते.

आमच्या जतकरांना हे समजायला अवघड नाही. मार्गशीर्षात यल्लमादेवीची यात्रा भरते तेव्हा कुणी खिलार जनावरं घेऊन येतं, कुणी भांडी, कुणी खेळणी. दिवस ठरलेला, जागा ठरलेली. ज्यानं-त्यानं आपलं आणायचं, दुसऱ्याचं बघायचं. जॅममध्येही बऱ्याचदा बक्षीस नसतं. मुदत संपली की प्रत्येकानं दुसऱ्यांचे गेम खेळायचे, काय जमलं आणि काय नाही ते सांगायचं. कमाई तीच.

दोन दिवसांत काय होणार, असं वाटतं. पण फिनलंडच्या आर्वी तेइकारी यांचा 'बाबा इज यू' हा कोड्यांचा गेम २०१७ च्या नॉर्डिक गेम जॅममध्ये जन्मला. पटावरचे शब्द ढकलून खेळाचे नियमच बदलायचे, एवढीच कल्पना. ती त्या दोन दिवसांत उभी राहिली आणि पूर्ण गेम होऊन २०१९ मध्ये बाजारात आली. मुदत एवढी आखूड असते की माणसाला एकच गोष्ट धरता येते. ती कुठली, हे ठरवण्यातच जॅमचं निम्मं शिक्षण होतं.

भाच्यानं धरलेली गोष्ट अशी होती. पटाच्या डाव्या कडेला बटणं, उजव्या कडेला दिवा. मधली जागा रिकामी. हातात मोजक्या फरशा. त्या अशा बसवायच्या की सांगितलेल्या वेळीच दिवा लागेल, एरवी नाही. पहिल्या कोड्यात एक बटण आणि एक दिवा. शेवटच्या कोड्यात बेरीज करणारं यंत्र.

दारं धरणाऱ्यांचं गणित

जत तालुका सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, पर्जन्यछायेत. पलीकडं लगेच कर्नाटक. घरात कन्नड आणि बाजारात मराठी बोलणारी माणसं इथं गावोगाव भेटतात. म्हैसाळजवळ कृष्णेचं पाणी पंपांनी उचलून, टप्प्याटप्प्यानं वर चढवत कवठेमहांकाळ, जतकडं आणलं जातं. द्राक्ष आणि डाळिंब जगवायचं तर पाण्याचा थेंब न् थेंब मोजावा लागतो. म्हणून इथल्या पोराला 'लॉजिक गेट' समजावून सांगायला इंग्रजी पुस्तक लागत नाही. दारं धरलेली असली की पुरे.

दारं धरणं म्हणजे काय ते शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. पाटातून पाणी येतं, रानात वाफे पाडलेले असतात. हातात खोरं घेऊन माणूस उभा असतो. एका वाफ्याच्या तोंडाची माती ओढली की दार उघडलं, पाणी आत. वाफा भरला की तीच माती लोटून दार बंद, पुढच्याचं उघडं. रात्रीची पाळी असली तर बॅटरीच्या उजेडात हेच, पहाटेपर्यंत.

आता एकाच पाटावर एकामागं एक दोन दारं आहेत असं धरा. दोन्ही उघडी असतील तरच पुढच्या वाफ्याला पाणी मिळेल. हे झालं 'आणि'. वाफ्याला दोन वेगवेगळे पाट येऊन मिळत असतील तर कुठलाही एक वाहता असला तरी पुरे. हे 'किंवा'. तिसरं जरा निराळं. घरावरच्या टाकीत फुगा असतो. पाणी वर चढलं की फुगा चढतो आणि नळ बंद होतो, पाणी उतरलं की नळ सुरू. इथं पाणी आहे म्हणून तिथं नाही. हे 'उलट'.

संगणकाच्या पोटात याहून वेगळं काही चालत नाही. पाण्याच्या जागी वीज आणि मातीच्या दाराच्या जागी ट्रान्झिस्टर, एवढाच फरक. जॉर्ज बूल यांनी १८५४ मध्ये 'आणि', 'किंवा', 'नाही' यांचं बीजगणित मांडलं. १९३७ मध्ये एकवीस वर्षांच्या क्लॉड शॅनन यांनी आपल्या प्रबंधात दाखवून दिलं की विजेच्या स्विचांची जोडणी त्या बीजगणितानं करता येते. तिथून पुढं विचार करणं आणि तारा जोडणं या दोन गोष्टी एकमेकींच्या शेजारी येऊन बसल्या.

बेरीजही यातूनच होते. संगणकाला एक आणि शून्य एवढंच कळतं. शून्य अधिक एक म्हणजे एक. एक अधिक एक म्हणजे दोन, पण दोनचा आकडाच नाही, म्हणून शून्य लिहून हातचा एक. बटणं दोन, दिवे दोन: एक बेरजेचा, एक हातच्याचा. हातच्याचा दिवा दोन्ही बटणं दाबल्यावरच लागतो, म्हणजे साधं 'आणि'. बेरजेचा दिवा दोहोंपैकी नेमकं एकच दाबलेलं असताना लागला पाहिजे. 'हे किंवा ते, पण दोन्ही मिळून नाही.' हे वाक्य मोठ्यानं म्हणून बघा. त्यातल्या 'किंवा', 'पण' आणि 'नाही' या शब्दांच्या जागी फरशा बसवल्या की यंत्र तयार.

फरशीचे चार काठ

रात्री अकरा वाजता पत्रिकांच्या फरशा मांडून आम्ही तिघं खेळायला बसलो. फरशी मांडण्याचे खेळ जगात जुने. डॉमिनो आहेच. क्लाउस-युर्गेन व्रेडं यांचा 'कार्कासोन' २००० साली जर्मनीत आला आणि पुढच्या वर्षी तिथला मानाचा 'वर्षाचा खेळ' ठरला. चळतीतून एक फरशी उचलायची आणि मांडलेल्या फरशांना अशी भिडवायची की रस्त्याला रस्ता लागेल, कुरणाला कुरण. खेळाचा सगळा जीव काठावर. मधल्या चित्रात काहीही असो, शेजाऱ्याशी काठ जुळला पाहिजे. गवंड्याला विचारा, फरशी चांगली बसली की नाही हे तो मधे बघून सांगत नाही, सांध्यावर बोट फिरवून सांगतो.

या काठाच्या नियमात केवढी ताकद आहे हे हाव वांग या चिनी-अमेरिकन तर्कशास्त्रज्ञामुळं जगाला कळलं. १९६१ मध्ये त्यांनी एक प्रश्न मांडला. चौकोनी फरशा घ्या, चारही काठांना रंग द्या, फरशी फिरवायची नाही, रंगाला रंग जुळलाच पाहिजे. दिलेल्या प्रकारांच्या फरशांनी अमर्याद अंगण भरता येईल की नाही, हे आधीच सांगणारी एखादी रीत आहे का? त्यांचे विद्यार्थी रॉबर्ट बर्गर यांनी १९६६ मध्ये सिद्ध केलं की अशी रीत असूच शकत नाही. कारण थक्क करणारं आहे. रंग नीट निवडले तर फरशांची एक ओळ म्हणजे संगणकाची एका क्षणाची अवस्था होते, तिच्याखालची ओळ म्हणजे पुढच्या क्षणाची. फरशा बसवत जाणं म्हणजेच संगणक चालवणं. आणि संगणक कधी थांबेल की नाही हे कुठल्याच रीतीनं आधी सांगता येत नाही, हे ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्येच दाखवलं होतं. बर्गर यांना आपल्या सिद्धतेसाठी २०,४२६ प्रकारच्या फरशा लागल्या. भाच्याकडं आठ प्रकार होते: चार तारांचे, तीन दारांचे आणि एक ज्यावर रात्री बारापर्यंत वाद चालला तो.

तो वाद पुलाचा. बेरजेच्या कोड्यात दोन्ही बटणांची वीज 'आणि'कडंही जाते, 'किंवा'कडंही. कागदावर कितीही वळसे घाला, कुठंतरी एक तार दुसरीला आडवी जातेच. लहानपणी आपण सगळ्यांनी हे कोडं सोडवायचा प्रयत्न केलेला आहे: तीन घरं, तीन विहिरी, प्रत्येक घरातून प्रत्येक विहिरीला वाट, पण वाटांनी एकमेकींना छेदायचं नाही. सपाट कागदावर ते होत नाही. शेतात पाट ओढ्याला आडवा आला की वरून पन्हळ टाकून पाणी पलीकडं नेतात. पटावरही तसा पूल हवा.

बहिणीचं म्हणणं, पूल हवे तेवढे द्या. भावाचं म्हणणं, अजिबात नको, पुलाशिवायही जमतं. त्याचं खरं होतं. 'दोन्ही आले तर बंद, एरवी चालू' असं एकच दार घेतलं तर तशा बारा दारांत, पूल न बांधता, दोन तारा एकमेकींना ओलांडून नेता येतात. पण बारा दारांना जागा किती लागेल?

"विषय काय आहे?" बहीण म्हणाली.

"जागा कमी आहे."

"मग पूल एकच. तो कुठं टाकायचा, हेच कोडं."

भाचा दोन मिनिटं काही बोलला नाही. मग त्यानं पत्रिकेच्या एका चौकोनावर आडवी-उभी रेघ काढली, एका रेघेला वर कमान दिली आणि बाकीचे पूल फाडून टाकले. गेम त्या क्षणी ठरला.

पुण्यातल्या फरशा

झोपताना मला विजय भटकरांच्या 'परम'ची आठवण झाली आणि मी ती गोष्ट मुलांना सांगितली. अमेरिकेचा महासंगणक हवा तसा मिळेना, तेव्हा आपणच बांधायचं ठरून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्यात जन्मलेले भटकर तिचे प्रमुख. १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला.

एकच अजस्र वेगवान चिप करण्याची साधनं तेव्हा आपल्याकडं नव्हती. म्हणून पुण्यातल्या चमूनं निराळी वाट धरली: लहान चिपा पुष्कळ घ्यायच्या, काम वाटून द्यायचं आणि त्यांना एकमेकींशी बोलतं करायचं. ब्रिटनच्या इनमॉस कंपनीची 'ट्रान्सप्युटर' नावाची चिप त्यासाठी निवडली. तिची खासियत अशी की प्रत्येक चिपेला चार जोडण्या असत, शेजारच्या चार चिपांशी थेट बोलण्यासाठी. चार काठांची फरशीच ती. अशा चौसष्ट गाठी जोडून 'परम ८०००' उभा राहिला.

"म्हणजे त्यांचं कोडंपण जोडणीचंच होतं," भाचा अंधारातून म्हणाला.

होतं. चौसष्ट माणसं कामाला लावली म्हणून काम चौसष्टपट वेगानं होत नाही. एकानं निकाल काढेपर्यंत दुसरा हातावर हात ठेवून बसला तर काय उपयोग? कोण कुणाच्या शेजारी, कुणाचा निरोप कुठून जाणार, हे बसवण्यात कस लागतो. याच कल्पनेवर आज खेळ आहेत. झॅक बार्थ यांच्या चमूचा २०१५ चा 'टीआयएस-१००' हा गेम म्हणजे चौकटीत मांडलेल्या छोट्या संगणकांचा पट आहे. प्रत्येक जण फक्त शेजाऱ्याशी बोलू शकतो आणि त्यांच्याकडून काम करून घ्यायचं ते आपण. नोआम निसान आणि शिमॉन शॉकेन या दोन प्राध्यापकांचा 'नँड टू टेट्रिस' हा अभ्यासक्रम तर एका साध्या दारापासून सुरुवात करून विद्यार्थ्याला चालत्या संगणकापर्यंत नेतो. भाच्यानं तो कॉलेजच्या पहिल्या वर्षी आपला आपण केला होता. हा गेम त्याला तिथूनच सुचला.

आरशातलं कोडं

शनिवारी सकाळी लॅपटॉप उघडला. गेम बांधायला त्यानं 'गोडो' वापरलं. अर्जेंटिनातल्या दोघांनी केलेलं हे साधन २०१४ पासून सर्वांसाठी खुलं आणि मोफत आहे आणि जुन्या लॅपटॉपवरही चालतं. दुपारपर्यंत पट दिसू लागला, फरशा उचलता-ठेवता येऊ लागल्या. फरशी ठेवल्याचा आवाज बहिणीनं न्हाणीघरामागच्या शहाबादी फरशीच्या तुकड्यावर दुसरा तुकडा टेकवून मोबाइलवर टिपला. तो आवाज घातल्याबरोबर स्क्रीनवरच्या चौकोनाला वजन आलं.

चारच्या सुमारास एक विचित्र गोष्ट दिसली. एक कोडं बरोबर सुटत होतं. तीच मांडणी आरशात बघितल्यासारखी उलटी केली, बटणं उजवीकडं आणि दिवा डावीकडं, की दिवा उशिरा लागायचा. डावीकडून उजवीकडं वीज क्षणात पोहोचायची, उजवीकडून डावीकडं रांगत जायची. तार तीच, अंतर तेच.

दोन तास गेले. मधे लाईट गेली, लॅपटॉपची बॅटरी चाळीस टक्क्यांवर आली, ताईचा चहा गार झाला. मग त्यानं स्क्रीन सोडली आणि पुन्हा पत्रिकांच्या फरशा मांडल्या. एका ओळीत सहा तारा. "आता मी कॉम्प्युटर," असं म्हणत त्यानं पहिल्या फरशीवर बोट ठेवलं.

चूक बोटाखालीच सापडली. संगणक पटावरच्या फरशा एका क्रमानं तपासतो, डावीकडून उजवीकडं. पहिल्या फरशीला वीज मिळाली, तसं लिहून ठेवलं. दुसरीनं शेजारी बघितलं, तिथं वीज आलेली, म्हणून तिलाही मिळाली. असं करत एका फेरीत शेवटपर्यंत. उलट दिशेनं मात्र दुसरीनं बघितलं तेव्हा तिच्या उजवीकडं अजून काहीच नव्हतं. तिला पुढच्या फेरीची वाट बघावी लागली. निसर्गात असा क्रम नसतो. पाऊस पडतो तेव्हा सगळे वाफे एकाच वेळी ओले होत असतात.

उपाय त्यानं वहीतच लिहिला. पटाच्या दोन प्रती ठेवायच्या, एक जुनी आणि एक नवी. बघायचं जुन्या प्रतीत, लिहायचं नव्या प्रतीत. सगळ्या फरशांचं लिहून झालं की नवी प्रत जुनीच्या जागी. शिट्टी वाजली की सगळ्यांनी एकदम पाऊल टाकायचं, कुणी कुणाच्या पुढं नाही. खऱ्या संगणकातही याच कारणासाठी एक घड्याळ असतं. त्याच्या ठोक्यावर सगळे भाग मिळून एक पाऊल टाकतात. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. पण ठोका का लागतो, हे मला त्या संध्याकाळी, सहा कागदी चौकोनांवरून सरकणाऱ्या एका बोटानं शिकवलं.

वेलांटी कुठं गेली

गेमचं नाव ठरलं 'दारं'. भाषाही मराठी ठेवायची, असा बहिणीचा आग्रह. जगभरचे लोक खेळणार म्हणून इंग्रजी सोबत असेल, पण पहिली मराठी. 'आणि', 'किंवा', 'उलट' हे शब्द दारांवर दिसले पाहिजेत.

लॅपटॉपवर सगळं व्यवस्थित दिसलं. ब्राउझरमध्ये उघडल्यावर अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन आले. संगणकातले मराठी फाँट ब्राउझरमधल्या गेमच्या हाती लागत नाहीत, गेमनं आपला फाँट सोबत न्यावा लागतो. मुंबईच्या 'एक टाइप' या अक्षररचनाकारांच्या चमूनं 'मुक्त' आणि 'बलू' हे देवनागरी फाँट सर्वांसाठी खुले करून ठेवलेत. त्यातला 'मुक्त' गेममध्ये बांधला आणि 'किंवा' उमटला.

हा शब्द नीट उमटणं साधं नाही. 'कि' मधली वेलांटी आपण क च्या आधी बघतो, पण संगणकाच्या साठ्यात ती क च्या नंतर असते. दाखवताना कुणीतरी ती उचलून अलीकडं ठेवावी लागते आणि जोडाक्षरंही जुळवावी लागतात. गोडोमध्ये ही सोय २०२३ च्या चौथ्या आवृत्तीपासून आली. त्याआधी मराठीत गेम करू पाहणाऱ्याची वेलांटी भलतीकडं जायची आणि जोडाक्षरं मोडून पडायची.

मला ही बाब मोलाची वाटते. आपल्याकडं गेम करणारे आहेत. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'चा 'राजी' २०२० मध्ये जगभर खेळला गेला. पण मराठी मुलाला कोडं सोडवताना, चुकताना, पुन्हा प्रयत्न करताना स्क्रीनवर आपला शब्द दिसणं अजून विरळाच. 'आणि' हा शब्द दाराच्या रूपात एकदा बघितलेल्या मुलाला तर्कशास्त्र परकं वाटणार नाही.

आण्णांचा प्रश्न

रविवारी सकाळी शेजारचे आण्णा आले. पूर्व भागातले शेतकरी, सत्तरीच्या पुढचे, घरी कन्नड बोलणारे. उभं आयुष्य दारं धरण्यात गेलं. जॅममध्ये एक पद्धत आहे: गेम न बघितलेल्या माणसाला खेळायला द्यायचं आणि आपण तोंड उघडायचं नाही. तो कुठं अडतो तिथं गेम चुकलेला असतो. भाच्यानं आण्णांच्या हाती माऊस दिला आणि गप्प बसला.

पहिली पाच मिनिटं माऊसशी झटापट झाली. मग आण्णा म्हणाले, "माऊस नको बाळा, तू हलीव, मी सांगतो." पहिलं कोडं सुटलं. दुसरं सुटलं. तिसऱ्यात 'उलट' होता, तिथं मी स्वतः आदल्या दिवशी वीस मिनिटं अडलो होतो. आण्णांनी भिंगातून बघितलं. "ह्यो फुगा हाय व्हय? वल आली की बंद. मग हितं ठिव." दिवा लागला.

चौथं कोडं झाल्यावर ते मागं टेकले. बराच वेळ पटाकडं बघत राहिले.

"ह्यात समदं वाहूनच जातंय की रं. बटण सोडलं की दिवा गेला. साठवायचं कुठं? तळं कुठाय तुझं?"

भाच्यानं माझ्याकडं बघितलं. आण्णांनी जे विचारलं तो संगणकशास्त्रातला मूळ प्रश्न होता. दारं आत्ताचं सांगतात. मघाशी काय झालं ते त्यांना आठवत नाही. आठवण नसलेलं यंत्र बेरीज करील, पण बेरीज कुठं ठेवणार? संगणक म्हणवून घ्यायला त्याला स्मरण लागतं. आणि ज्या तालुक्यात पावसाळ्याचं पाणी धरून ठेवलं नाही तर उन्हाळा निभत नाही, तिथल्या माणसाला चार कोड्यांत याच उणिवेनं टोचलं.

तळं

दुपारचे दोन वाजले होते. हातात सात तास, अजून दोन कोडी अपुरी, नाव-माहिती लिहायची, गेम चढवायचा. अशा वेळी जॅममध्ये नवं काही सुरू करू नये, हे भाच्याला माहीत होतं. ठरवलेल्या नऊ कोड्यांतली चार त्यानं तिथल्या तिथं कापली. उरलेल्या पाचांत शेवटचं कोडं बेरजेचं होतं. सहावी जागा तळ्यासाठी मोकळी झाली.

आठवण करायला नवी फरशी लागलीच नाही. १९१८ मध्ये विल्यम एकल्स आणि एफ. डब्ल्यू. जॉर्डन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी काचेच्या व्हॉल्व्हच्या जोडीनं जे केलं, तेच पत्रिकांच्या चौकोनांवर मांडलं. दोन दारं घ्यायची. प्रत्येक दार असं की आत येणाऱ्या दोन्ही वाटा कोरड्या असतील तरच ते वाहतं. 'किंवा'च्या पुढं 'उलट' ठेवला की झालं. आता पहिल्याचं पाणी वळवून दुसऱ्याच्या तोंडाशी आणायचं आणि दुसऱ्याचं पहिल्याच्या. उरलेल्या दोन तोंडांना एकेक बटण.

सुरुवातीला दुसरं दार वाहतंय, म्हणून पहिलं बंद आहे. दुसऱ्याचं बटण दाबलं की त्याच्या तोंडाशी ओल येते आणि ते मिटतं. ते मिटलं की पहिल्याच्या दोन्ही वाटा कोरड्या, म्हणून पहिलं उघडतं. आणि पहिल्यातून निघालेलं पाणी वळसा घेऊन दुसऱ्याला मिटलेलंच ठेवतं. आता बटणाची गरज संपली. दोन दारं एकमेकांना धरून बसतात. एका अंकाची, एका होकाराची आठवण अशी राहते. वळसा घालायला जागा लागते, जागा मोजून सात बाय सात, आणि पूल एक. तो कुठं टाकायचा हे सापडायला भाच्याला पाऊण तास लागला. कोडं करणाऱ्यानं आधी स्वतः सोडवायचं असतं, मग एकेक फरशी काढून घ्यायची आणि ती खेळणाऱ्याच्या हाती द्यायची.

दोन्ही बटणं एकदम दाबून एकदम सोडली तर दिवा लुकलुकत राहायचा, थांबायचाच नाही. दोन्ही दारं एका ठोक्याला उघडायची, दुसऱ्याला मिटायची. कुणी कुणाला वाट द्यायची हे ठरतच नव्हतं. ही मात्र चूक नव्हती. खऱ्या यंत्रातही असं घडलं तर ते क्षणभर अधांतरी राहतं. भाच्यानं ते तसंच ठेवलं आणि कोड्याच्या सूचनेत एक ओळ घातली: दोन्ही बटणं एकत्र सोडून बघा.

नऊला बारा मिनिटं कमी असताना, मोबाइलच्या इंटरनेटवर, गेम चढला. ताईनं न विचारता ताटं वाढली. मुलं जेवतानाही फारसं काही बोलली नाहीत. दोन दिवसांपूर्वी जे नव्हतं ते आता जगात होतं, आणि त्यातली प्रत्येक फरशी कुठं, का बसलीय हे त्यांना ठाऊक होतं. रोज हातात असणाऱ्या मोबाइलबद्दल आपल्यापैकी किती जणांना असं म्हणता येईल? आपण ही यंत्रं वापरतो, त्यांच्यापुढं वाकतो, त्यांना घाबरतो. उघडून बघत नाही. गेम जॅमनं जतमधल्या दोन मुलांना ते यंत्र आतून दाखवलं, आणि दाखवलं ते लग्नपत्रिका, शहाबादी फरशी आणि वाफ्याच्या दारांमधून. संगणक लांबून आलेली जादू आहे ही समजूत एकदा गेली की मूल तो मोडायला, जोडायला, सुधारायला धजतं. आपल्या गावोगावच्या मुलांसाठी मला एवढंच हवंय.

सोमवारी सकाळी मी निघण्याआधी आण्णा पुन्हा आले. "झालं का तळं?" भाच्यानं सहावं कोडं उघडून, फरशा मांडून त्यांच्यापुढं ठेवलं. आण्णांनी या वेळी माऊस स्वतः धरला. बाण सावकाश बटणापर्यंत नेला, बटण दाबलं. दिवा लागला. मग त्यांनी बोट उचललं आणि दिव्याकडं बघत बसले. बाहेर एसटीचा हॉर्न वाजला, मी पिशवी उचलली, तरी ते बघत होते.

दिवा तसाच लागलेला होता.